फाट्यावरचा माणूस

आम्ही पाच जण दर शनिवारी सकाळी मोटारसायकली काढायचो आणि दिवे लागायच्या आत घरी यायचो. रविवार चर्चचा आणि घरच्यांचा, म्हणून शनिवार. मालायबालायच्या बाजारात नांग पिलारच्या, म्हणजे पिलारताईच्या, टपरीवर तांदळाचा वाफवलेला पुतो आणि वाटीभर घट्ट गरम चॉकलेट घ्यायचं, आणि मग क्रिसान्तो म्हणेल त्या दिशेला निघायचं.

क्रिसान्तोचं सिमेंट-पत्र्यांचं दुकान. माल पोचवून पोचवून बुकिदनोनच्या डोंगरांतले सगळे रस्ते त्याला पाठ, म्हणून तो सर्वांत पुढे. बर्नाबेची बेकरी, आणि पावापेक्षा जीभ जास्त खुसखुशीत. रोविलिन औषधांच्या दुकानात कामाला, सव्वीस वर्षांची. तिसरीत ती माझ्या वर्गात होती. एदिलचं पंक्चर आणि दुरुस्तीचं दुकान, तो कायम सर्वांच्या मागे. आणि मी. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे ज्यांना मी कधी शिकवलं नाही तेसुद्धा मला सर म्हणतात.

माझी गाडी जुनी आणि मी तिच्याहून जुना. बर्नाबे दर शनिवारी काहीतरी शोधून काढायचा. एकदा म्हणाला, "सर, मघाशी एक म्हैस तुम्हाला मागे टाकून गेली. बिचारी वळून वळून बघत होती, सर पडले तर नाहीत ना म्हणून."

डोंगरात पाच गाड्या एकत्र राहत नाहीत. कोणी चढावर मागे पडतो, कोणी वळणापलीकडे दिसेनासा होतो. म्हणून आमचा एक नियम होता. फाटा आला की क्रिसान्तो हात करून जागा दाखवायचा. त्याच्या लगेच मागे जो असेल त्याने तिथे थांबायचं आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाट दाखवायची. सर्वांत मागे एदिल असायचा. त्याच्या अंगात बिनबाह्यांचं नारिंगी जाकीट असायचं, लांबून ओळखू यावं म्हणून, आणि मागे कोणी राहिलं नाही ना हे बघणं जाकीटवाल्याचं काम. तो फाट्याशी येऊन दोनदा हॉर्न द्यायचा, मग थांबलेल्याने निघायचं. थांबलेल्या माणसाने गाड्या मोजायच्या. शेवटची गाडी दहा मिनिटांत आली नाही, तर त्याने मागे फिरायचं.

रोविलिन आमच्यात आली तेव्हा मीच तिला हे पावाच्या कागदी पिशवीवर गोल आणि बाण काढून, शेजारी लिहून समजावलं होतं. तिने विचारलं होतं की फाट्यावरच्या माणसाला कंटाळा आला तर काय. मी म्हणालो, "कंटाळा येऊ दे. पण मागचा माणूस येईपर्यंत पुढे जायचं नाही, इंदाय. एवढं एकच लक्षात ठेव." इकडे मुलीला मायेने इंदाय म्हणतात. तिने मान डोलावली, तिसरीत डोलवायची तशीच.

तो ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार होता. दाव्हावच्या रस्त्याला आम्ही वर चढलो. वर कायम धुकं असतं आणि हात गारठतात. रस्त्याकडेच्या खानावळीत कोंबडीचा रस्सा आणि भात जेवलो. जेवण झाल्यावर मी मोरीशी हात धूत होतो. मोरीच्या वर खिडकी होती आणि खिडकीतून गाड्या दिसत होत्या.

एदिल रोविलिनच्या गाडीमागे उकिडवा बसला होता. तिचा मागचा दिवा लागत नव्हता. त्याने काच काढून बल्ब पाहिला, नखाने टिचकी मारली, मान हलवली. दुसरा बल्ब जवळ नव्हता. मग तो उठला आणि अंगातलं नारिंगी जाकीट काढून तिच्या हातात दिलं. ती नको म्हणत होती.

"घाल गं," तो म्हणाला. "या धुक्यात मागचा ट्रकवाला तुला बघणार कसा? माझं पोट त्याला दोन मैलांवरून दिसतं."

ती हसली आणि तिने जाकीट घातलं. तू माझ्या पुढे राहा, मी नेहमीसारखा मागे आहे, असं त्याने तिला सांगितलं. मी हात पुसत सगळं पाहिलं, ऐकलं. क्रिसान्तो पैसे देत होता, बर्नाबे पोटमाळ्यावरच्या मांजराशी बोलत होता. त्या दोघांनी काही पाहिलं नाही. एदिल आणि रोविलिन यांनी मला पाहिलं नाही.

खानावळीनंतर वीस मिनिटांनी फाटा आला. डावीकडचा रस्ता खाली नदीच्या पुलाकडे जातो, आम्हाला तिकडे जायचं होतं. क्रिसान्तोने हात केला, मी थांबलो. फाट्यावर पत्र्याची एक शेड आहे. तिच्यात तीन मुलं केळीचं पान डोक्यावर धरून उभी होती, कारण शेडचा पत्रा गळत होता. मी तिथे का उभा आहे हे त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मग त्यांतल्या धाकट्याने विचारलं की डोंगरावरून येणारं पाणी लाल का असतं.

असा प्रश्न कोणी विचारला की मला राहवत नाही. मी खाली वाकलो आणि बुटाच्या टाचेने चिखलात एक चर काढला. वर पावसाचं पाणी, मधे माती, खाली नदी. झाडं असलेला डोंगर आणि झाडं तोडलेला डोंगर. मुलांनी गवताच्या काड्या खोचून झाडं केली. मागून बर्नाबे हॉर्न वाजवत गेला. मग अननसांनी भरलेला एक ट्रक मोठा आवाज करत वळला आणि आमच्या नदीत चिखल उडाला. मुलं खिदळली. आम्ही नदी दुरुस्त करायला घेतली.

मग रोविलिन आली. अंगात नारिंगी जाकीट, तिची निळी गाडी. तिने हात केला. मी मान वर केली, तिला ओळखलं आणि ती पुढे गेल्यावर हात केला.

मी तिला ओळखलं होतं. जाकीट कोणाचं आणि तिच्या अंगात कसं आलं, तेही मला माहीत होतं. माझ्या मनात आलं की आता एदिल राहिला. आणि लगेच आलं की तो ट्रकच्या आडून, मी खाली वाकलो होतो तेव्हा निघून गेला असेल. का आलं, ते मी स्वतःला शेकडो वेळा विचारलं आहे. पाऊस वाढत होता. गुडघे आखडले होते. बर्नाबे पुलावर पुन्हा म्हशीवरून काहीतरी बोलणार होता. एवढंच सापडतं. तीन गाड्या मोजायच्या होत्या, मी दोन मोजल्या आणि तिसरी मनानेच धरली. मुलांचा निरोप घेतला आणि निघालो. तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

पुलाशी पोचायला पाऊण तास लागला. क्रिसान्तोने हेल्मेट काढून सगळ्यांकडे पाहिलं आणि एदिल कुठे आहे असं विचारलं. रोविलिन म्हणाली, माझ्या मागे होता. बर्नाबे म्हणाला, कुठे तरी डुक्कर भाजत असतील, वास आला असेल त्याला. आम्ही थोडा वेळ थांबलो. फाट्यावर मी दोनच गाड्या मोजल्या, हे मी सांगितलं नाही. मोबाइलला त्या दरीत कधीच रेंज नसते. मग क्रिसान्तोने गाडी वळवली आणि आम्ही सगळे परत चढू लागलो.

फाट्याच्या वर दोन किलोमीटरवर एक अवघड वळण आहे. खानावळीकडून उतरणाऱ्या रस्त्यावर तिथे लाल चिखल वाहून आला होता. चिखलात एक लांब ओरखडा होता आणि कडेच्या बांबूंतले दोन-तीन मोडले होते. एदिल तीसेक फूट खाली होता. गाडी त्याच्या मांडीवर पडली होती. आम्ही पोचलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि तो गेलेला होता.

मोबाइल त्याच्या हातात होता. अकरा वेळा त्याने क्रिसान्तोला फोन लावला होता. एक निरोप लिहिलेला होता, न गेलेला, एक वाजून पन्नास मिनिटांचा. "वळणाखाली आहे. पाय गाडीखाली. रस्ता निसरडा आहे, सावकाश या."

नंतर दवाखान्यातल्या डॉक्टरने सांगितलं की मांडीची शीर फाटली होती, पण गाडीच्या वजनाने ती दाबून राहिली होती. तास, सव्वा तास तो शुद्धीवर असणार. मी नियमाप्रमाणे दहा मिनिटं थांबलो असतो आणि मागे गेलो असतो, तर पावणेदोनच्या आत त्याच्यापाशी असतो. हे गणित तिसरीतल्या मुलालाही येईल.

पोलीस आले. त्यांतला हवालदार लिओनार्दो माझाच विद्यार्थी. त्याने वही काढली आणि सगळ्यांना एकेक विचारलं. माझ्याजवळ येऊन तो खालच्या आवाजात म्हणाला, "सर, फाट्यावर तुम्ही होतात ना? मग निघालात कसे?"

माझ्या तोंडून आलं, "मला नारिंगी जाकीट दिसलं."

ते खरं होतं. जाकीट मला दिसलं होतंच. पण मी ते बोललो आणि क्रिसान्तो, बर्नाबे, हवालदार, दोरी घेऊन आलेले गावकरी, सगळ्यांनी रोविलिनकडे पाहिलं. तिच्या अंगात ते अजून होतं. तिने मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे पाहिलं. मग ते काढायला लागली. चेन अडकली. ती ओढत राहिली, कोणी मदत केली नाही. तेव्हा पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. माझ्याकडे वेळ होता. चेन सुटेपर्यंतचा वेळ होता. हवालदाराने पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी एदिलला घरी आणलं. अंगणात ताडपत्री बांधली, खुर्च्या आल्या, कॉफीची किटली सतत चुलीवर. दुपारी रोविलिन आईबरोबर आली, हातात पांढरी फुलं. एदिलचा मुलगा रेनान्ते फाटकातच उभा राहिला. त्याने आवाज चढवला नाही. तो म्हणाला, "जाकीट अंगात होतं, तर जागा मागची होती. ती सोडून पुढे पळालीस. फुलं घरी ने." तिच्या आईने काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. रोविलिनने फुलं फाटकाच्या खांबाशी ठेवली आणि दोघी गेल्या. संध्याकाळपर्यंत बाजारभर झालं की त्या पोरीने मजा म्हणून जाकीट मागून घेतलं होतं.

त्याच दिवशी मी नांग रोसेंदाला, एदिलच्या बायकोला, स्वयंपाकघरात गाठलं. ती मोठ्या पातेल्यात भात ढवळत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. खिडकीतून पाहिलेलं, एदिल तिला काय म्हणाला ते, फाट्यावरची मुलं, चिखलातली नदी. तिला मी ओळखलं होतं हेही. रोविलिनचा काही दोष नाही, तिने एदिलने सांगितलं तसंच केलं. मागे फिरायचं ते मला होतं.

तिने डाव बाजूला ठेवला आणि दंडानेच डोळे पुसले.

"सर," ती म्हणाली, "माझी दोन्ही मुलं तुमच्या हाताखालून गेली आहेत. रेनान्तेने मुख्याध्यापकांच्या खोलीची काच फोडली, तेव्हा तुम्ही सांगितलं होतं की तुमच्या हातून फुटली. पगारातून भरलीत. मला काय माहीत नाही होय?"

मी म्हणालो की ती गोष्ट वेगळी. ती म्हणाली, तुमचा स्वभाव तोच. तुम्हाला त्या मुलीचं वाईट वाटतंय. मलाही वाटेल कधीतरी, आज नका सांगू. मग तिने मला खुर्चीवर बसवलं आणि ताट वाढलं. मी जेवलो. न जेवणं तिला लागलं असतं.

काच मी खरंच फोडली नव्हती. नऊ वर्षांचं पोर थरथरत होतं, म्हणून खोटं बोललो होतो. त्याचा मला तेव्हा फार आनंद झाला होता.

दफन झाल्यावर मी पोलीस ठाण्यात गेलो आणि लिओनार्दोला माझा जबाब बदलून हवा आहे असं सांगितलं. त्याने खुर्ची पुसून दिली. सगळं ऐकून घेतलं, लिहिलं मात्र काही नाही. हा अपघात आहे, गुन्हा नाही, फाईल वर गेली आहे, असं तो म्हणाला. मी हट्ट धरला, तेव्हा त्याने वही बंद करून तिच्यावर हात ठेवला. "सर, तुम्ही चार दिवस झोपला नाहीत. माणसाला असं होतं. त्या जागी मी असतो तर मीही जाकीट बघून निघालो असतो. घरी जा." आणि त्याने एका शिपायाला मला घरापर्यंत सोडायला पाठवलं.

क्रिसान्तो दुकानात सिमेंटच्या गोणीवर बसून माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकत राहिला. मग म्हणाला की नियम त्याने केला होता, चूक असेल तर नियमाची. बर्नाबे रडला. तो म्हणाला, सर, तुम्ही आम्हाला वाटेल ते सांगा, पण लोकांना सांगू नका, लोक म्हणतील त्या मुलीने म्हाताऱ्याला गळ घातली. मी लोकांनाही सांगून पाहिलं. झालं ते बर्नाबे म्हणाला तसंच. रोविलिनच्या दुकानात बायका तिच्याकडून औषध घ्यायच्या नाहीत, दुसरी मुलगी मोकळी होईपर्यंत थांबायच्या. आता त्या एकमेकींना म्हणू लागल्या की वर सरांनाही मधे घातलं.

मी पुन्हा फाट्यावर गेलो. ती तीन मुलं शेडमध्ये भेटली. त्यांना मी आठवत होतो, नदीही आठवत होती. नारिंगी कपड्यातली बाई आठवत होती. बाई जाताना मी तिच्याकडे पाहिलं होतं का, हे मी धाकट्याला विचारलं. त्याने खूप विचार केला. मग माझ्या तोंडाकडे बघून, मला काय हवं आहे ते ओळखून, हो म्हणाला. छत्तीस वर्षांत असं हो मी कितीदा ऐकलं असेल. ते पुरावा म्हणून कुठे नेता येत नाही.

शेवटी राहिली एकच. तिने मानलं असतं, तर बाकी गावाचं मी काही वाटून घेतलं नसतं.

एदिलसाठी नवव्या दिवसाची प्रार्थना झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी रोविलिनच्या घरी गेलो. ती मागच्या पायरीवर बसली होती. गाडी अंगणात नव्हती. ती आईच्या भावाने नेली होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि सांगितलं, जसं वर्गात सांगायचो तसं, एकेक पायरी. खिडकी. दिवा. एदिलचं वाक्य. हे वाक्य ऐकताना ती थरारली, कारण ते एदिल तिला एकटीलाच म्हणाला होता. मला वाटलं, झालं.

पण ती म्हणाली की हे वाक्य तिने स्वतःच मला सांगितलं होतं, त्या दिवशी पुलावरून परत चढताना वाटेत थांबलो तेव्हा, रडत. कदाचित सांगितलं असेल. त्या चढावरचं मला काही आठवत नाही.

मग मी फाट्यावरचं विचारलं. "तू हात केलास. मी मान वर करून तुझ्याकडे पाहिलं. आठवतं ना, इंदाय?"

"मी हात केला," ती म्हणाली. "तुम्ही मुलांशी बोलत होतात. तुम्ही वाकलेलेच होतात, सर."

"तू पुढे गेल्यावर मी हात केला."

"मग ते मला कसं दिसणार?"

 मग ती स्वतःच बोलू लागली. तिला सगळ्यात जास्त हे खात होतं की आरशात बघायचं तिच्या मनात दोनदा आलं होतं. आरशावर पाणी होतं. हात काढून पुसावा, इतकंच करायचं होतं, पण उतार होता, तिला भीती वाटली. मी मागे आहे असं नोंग एदिल, तिचा एदिलदादा, म्हणाला होता, म्हणजे असणारच. "जाकीट माझ्या अंगात होतं. जाकीट असलेल्याने मागे बघायचं असतं. पिशवीवर तुम्हीच लिहून दिलं होतं." तिला ती पिशवी अजून पाठ होती. मी शिकवलेलं कोणी इतकं नीट लक्षात ठेवलेलं मला पहिल्यांदाच नको झालं.

मी म्हणालो, नियम मीच शिकवला आणि मीच मोडला, ऐक माझं. ती म्हणाली, "सर, पुरे. मी आता तिसरीत नाही. तुम्ही जितकं म्हणता, तुझं काही चुकलं नाही, तितकं माझंच चुकलं हे मला आणखी खरं वाटायला लागतं."

त्यानंतर मी तिला ते सांगायला गेलो नाही. पाच आठवडे गेलो नाही. कधीकधी पहाटे जाग आली की वाटतं, सगळं गाव एक सांगतंय, मी एकटा दुसरं, तेव्हा चूक माझ्याच आठवणीची असेल. मी वाकलेलाच असेन. मला फक्त जाकीट दिसलं असेल. हा विचार आला की लगेच डोळा लागतो, म्हणून मी उठून बसतो.

डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारी तिची आई माझ्याकडे आली आणि म्हणाली की रोविलिन निघाली आहे. कागायानहून मनिलाला, तिथल्या मावशीकडे, मग मिळालं तर परदेशात. मी स्टँडवर गेलो. बस लागलेली होती. तिच्याजवळ एक पेटी आणि दोरीने बांधलेला पुठ्ठ्याचा खोका होता. कंडक्टरने खोका छतावर चढवला.

काय बोलायचं ते मी घरून ठरवून निघालो होतो. समजवायचं नाही, फक्त सांगायचं. मी तिच्या समोर उभा राहिलो आणि म्हणालो, "रोविलिन, मी तुला ओळखलं होतं. मागे एदिल राहिलाय हे मला माहीत होतं. तरी मी निघालो."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग असता तरी चाललं असतं. आजारी मुलाने घरून आणलेली चिठ्ठी मी वाचायचो तेव्हा मी त्याच्याकडे बघायचो, तशी ती माझ्याकडे बघत होती.

"हो, सर," ती म्हणाली.

मग तिने माझा उजवा हात धरला, वाकली आणि माझ्या हाताची पाठ कपाळाला लावली. इथे मोठ्यांचा आशीर्वाद असा घेतात. मी शिकवत होतो तेव्हा शाळेच्या दारात रोज सकाळी चाळीस मुलं माझ्याकडून तो घेऊन आत जायची. मला हात काढून घ्यायचा होता. पण स्टँडवर माणसं होती, तिची आई उभी होती, आणि हात काढला असता तर सगळ्यांनी म्हटलं असतं की सरांनीसुद्धा तिला आशीर्वाद दिला नाही. म्हणून मी हात तसाच राहू दिला आणि देव तुझं भलं करो म्हणालो.

बस सुटली. तिची आई माझ्याकडे वळून म्हणाली की तुम्ही आलात, तिला फार बरं वाटलं.